जस्टिन मॉरिल : महाविद्यालयांचा कायदा करणारा लोहारपुत्र

आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांतून आज मुलेमुली राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठांत शिकावयास जातात. ही विद्यापीठे कोणा दानशूर धनिकाने काढलेली नाहीत. ती विधिमंडळाच्या कायद्याने अस्तित्वात आली. राहुरीचे १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली, परभणी व दापोली येथील दोन्ही १९७२ साली. त्यांच्याही आधी, १९६० साली, उत्तर प्रदेशात पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले, आणि त्याची घडण अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने, तिकडील नमुन्यावर झाली. तो नमुना ज्या कायद्यातून निर्माण झाला तो कायदा १८६२ सालचा आहे. तो रचणारे व पाच वर्षे झुंजून मंजूर करून घेणारे गृहस्थ स्वतः कॉलेजची पायरी कधी चढले नव्हते. एका डोंगरी खेड्यातील लोहाराचे ते पुत्र. जस्टिन स्मिथ मॉरिल हे त्यांचे नाव.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. जाण्याची इच्छा नव्हती असे नाही, पण घरची स्थिती तशी होती. त्यामुळे ह्या पुरुषाच्या चरित्राकडे माझे मन अधिक ओढले गेले, हे वाचकांनी समजून घ्यावे.

मॉरिल यांचा जन्म १४ एप्रिल १८१० रोजी अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हर्मॉंट राज्यात, स्ट्रॅफर्ड नावाच्या गावी झाला. प्रदेश थंड, जमीन खडकाळ, वस्ती विरळ. वडील नथॅनिएल मॉरिल हे लोहारकाम करीत. दहा भावंडांत जस्टिन हे सर्वांत थोरले. गावच्या शाळेचे शिक्षण व त्यापुढे जवळपासच्या दोन विद्यालयांत थोडे दिवस, एवढ्यावर पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे शिक्षण थांबले. दहा मुलांच्या संसारात एकाला कॉलेजात धाडण्याइतका पैसा भात्यातून निघत नव्हता. थोरला मुलगा दुकानात कारकुनीस लागला. पुढे काही वर्षे त्यांनी मेन राज्यातील पोर्टलंड ह्या बंदराच्या शहरी व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली, आणि परत गावी येऊन जेदेदाया हॅरिस नावाच्या वजनदार गृहस्थाबरोबर भागीदारीत दुकान चालविले. रात्री वाचन चाले. पुस्तकांचा संग्रह हा त्यांचा आयुष्यभराचा शौक होता.

व्यापारात त्यांस इतके यश आले की १८४८ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते धंद्यातून निवृत्त झाले. गावात त्यांनी स्वतःच्या कल्पनेप्रमाणे सतरा खोल्यांचे गुलाबी रंगाचे घर बांधले, भोवती बाग लावली, आणि १८५१ साली रूथ स्वान ह्या विदुषीशी विवाह केला. येथेच चरित्र संपले असते, तर एका सुखवस्तू वाण्याची ही गोष्ट ठरली असती. परंतु १८५४ साली ते अगदी थोड्या मतांच्या आधिक्याने काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. तेथे प्रथम प्रतिनिधिगृहात बारा वर्षे व नंतर सिनेटमध्ये मृत्यूपर्यंत ते सलग बसले. हा एकूण काळ जवळजवळ चव्वेचाळीस वर्षांचा होतो.

आता त्या वेळची परिस्थिती पाहावयास हवी. अमेरिकेत कॉलेजांची वाण नव्हती. परंतु ती बहुतेक धर्मपंथांनी चालविलेली, आणि तेथे लॅटिन, ग्रीक, तत्त्वज्ञान शिकविले जाई. पाद्री, वकील व वैद्य ह्यांची मुले तेथे जात. शेतकऱ्याच्या किंवा सुताराच्या मुलाने तेथे काय शिकावे, आणि कोणत्या पैशाने? इकडे जमिनीचा कस उतरत चालला होता. व्हर्मॉंटसारख्या जुन्या प्रदेशांतील शेतकरी नापीक शेते टाकून पश्चिमेकडे निघून जात होते. सरकारजवळ मात्र अफाट पडीक जमीन होती, आणि ती रेल्वे कंपन्यांना व इतरांना सढळ हाताने वाटली जात होती. ह्या जमिनीतील काही भाग शिक्षणाकडे वळवावा, हा विचार केवळ मॉरिल यांनाच सुचला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. इलिनॉय राज्यातील जोनाथन बाल्डविन टर्नर नावाचे अध्यापक श्रमजीवी वर्गासाठी महाविद्यालये असावीत असा प्रचार करीत होते, व १८५३ साली तेथील विधिमंडळाने केंद्राकडे तशी मागणीही केली होती. श्रेय कोणाचे ह्यावर पुढे बरेच वाद झाले. माझ्या मते कल्पना टर्नर यांची मानली तरी कायदा मॉरिल यांचाच आहे.

कायद्यावाचून कॉलेज कसे हेलकावे खाते ह्याचे उदाहरण मिशिगन राज्यात घडत होते. तेथे १८५५ च्या राज्याच्या कायद्याने शेतकी कॉलेज स्थापन झाले व १८५७ साली ते उघडले. ते राज्याच्या शिक्षण मंडळाच्या ताब्यात होते. पैशाची चणचण भासू लागताच त्या मंडळाने चार वर्षांचा अभ्यासक्रम कापून दोन वर्षांचा, निव्वळ हातकामाचा केला. ओरड झाली, आणि १८६१ साली विधिमंडळाने दुसरा कायदा करून कॉलेज एका स्वतंत्र कृषी मंडळाच्या हाती दिले व चार वर्षे पुन्हा कायम केली. तीच इमारत, तेच शिक्षक. फरक पडला तो कारभार कोणाच्या हाती ह्याचा.

मॉरिल यांनी १८५६ साली प्रथम एक साधा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. मग १४ डिसेंबर १८५७ रोजी त्यांनी आपले विधेयक आणले. प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधील प्रत्येक सभासदामागे वीस हजार एकर जमीन द्यावी, ती विकून निधी उभारावा व त्याच्या व्याजावर महाविद्यालय चालवावे, ही त्याची कल्पना. दक्षिणेकडील सभासदांनी कडाडून विरोध केला. शिक्षण हा राज्यांचा विषय, त्यात केंद्राने शिरकाव केला तर उद्या ते गुलामगिरीच्या प्रश्नातही शिरेल, ही भीती त्यांच्या पोटात होती. पश्चिमेच्या नव्या राज्यांना वाटे की आपल्या हद्दीतील जमीन पूर्वेकडील सट्टेबाज गिळतील. ही दुसरी भीती अगदीच निराधार नव्हती. अखेर २२ एप्रिल १८५८ रोजी प्रतिनिधिगृहात १०५ विरुद्ध १०० मतांनी, आणि फेब्रुवारी १८५९ मध्ये सिनेटमध्ये २५ विरुद्ध २२ मतांनी ते कसेबसे पार पडले. आणि अध्यक्ष बुकॅनन यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठविले. खजिन्यात पैसा नाही, राज्यांवर अतिक्रमण होते, जुन्या कॉलेजांना धक्का बसतो, अशी कारणे त्यांनी दिली. चौदा महिन्यांची मेहनत एका सहीअभावी वाया गेली.

मॉरिल थांबले. ते मोठे वक्ते नव्हते. आकडे आणि चिकाटी ही त्यांची शस्त्रे. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील सभासद उठून गेले, अध्यक्षपदी लिंकन आले. डिसेंबर १८६१ मध्ये त्यांनी विधेयक पुन्हा मांडले, ह्या वेळी सभासदामागे तीस हजार एकर. प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्यावर प्रतिकूल शेरा मारला. परंतु तोवर ओहायोचे सिनेटर बेंजामिन वेड यांनी तेच विधेयक सिनेटमध्ये आणले होते. सिनेटने १० जून १८६२ रोजी ३२ विरुद्ध ७, व प्रतिनिधिगृहाने १७ जून रोजी ९० विरुद्ध २५ मतांनी ते संमत केले. लिंकन यांची सही झाली २ जुलै १८६२ रोजी. त्याच्या आदल्याच दिवशी व्हर्जिनियात माल्व्हर्न टेकडीवर हजारो माणसे पडली होती व उत्तरेची सेना रिचमंडपासून मागे हटत होती. राष्ट्र राहते की जाते अशा घटकेला महाविद्यालयांच्या कायद्यावर सही झाली, ही गोष्ट मला नेहमी विस्मयकारक वाटत आली आहे.

आता त्या कायद्याची कलमे. ती वाचकांनी थोडी धीराने वाचावीत, कारण त्यांतच सारे मर्म आहे. ज्यांनी एखाद्या लहानशा संस्थेचे जमाखर्च पाहिले आहेत, शिष्यवृत्ती निधीच्या पेटीची किल्ली सांभाळली आहे, त्यांस ह्यातील शहाणपण तत्काळ कळेल.

पहिली गोष्ट, मुद्दल. जमीन विकून येणारा पैसा निदान पाच टक्के उत्पन्न देणाऱ्या सुरक्षित रोख्यांत गुंतवावा आणि ते भांडवल सदासर्वकाळ अभंग राहावे, असे कायद्याने ठरविले. त्यातील काही बुडाले, तर बुडालेली रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून भरून द्यावी. खर्च करावयाचा तो केवळ व्याजाचा. दुसरी गोष्ट, इमारत. ह्या निधीतील किंवा त्याच्या व्याजातील एक सेंटही इमारत बांधण्यास, विकत घेण्यास वा दुरुस्त करण्यास वापरता येणार नाही. फक्त जागा किंवा प्रयोगाचे शेत घेण्यासाठी दहा टक्क्यांपर्यंत रक्कम घेण्याची मोकळीक ठेविली. संस्था काढणाऱ्यांना दगडविटांचा मोह किती असतो, आणि उद्घाटनाच्या कोनशिलेनंतर मास्तरांचा पगार कसा थकतो, हे मॉरिल यांस कोणी सांगितले होते कोणास ठाऊक! दुकानदारीने माणसाला एवढे कळत असावे. ह्या कलमाचा परिणाम असा झाला की इमारती राज्यांनी किंवा गावांनी द्याव्या लागल्या. इलिनॉयमध्ये तर कॉलेज आपल्याकडे यावे म्हणून गावागावांत चढाओढ लागली.

तिसरी गोष्ट, हेतू. शेती व यंत्रविद्या ह्यांच्याशी संबंध असलेल्या शाखा शिकविणे हे कॉलेजचे प्रमुख कार्य, परंतु इतर शास्त्रे व प्राचीन भाषा वगळावयाच्या नाहीत. सैनिकी शिक्षणही असावे. कष्टकरी वर्गाला व्यवहारी शिक्षणाबरोबर उदार शिक्षणही मिळावे, हा उद्देश कायद्यात स्पष्ट लिहिला आहे. लोहाराच्या मुलाला केवळ अधिक चांगला लोहार बनवावा, असे ह्या लोहाराच्या मुलाला वाटत नव्हते. पुष्कळांनी हे कलम पुढे विपरीत वाचले, त्याविषयी खाली येईल.

चौथी गोष्ट, मुदत व हिशेब. दोन वर्षांत राज्याने देणगी स्वीकारावी, पाच वर्षांत निदान एक कॉलेज उभे करावे, नाही तर विक्रीचा पैसा परत करावा. दरवर्षी प्रगतीचा अहवाल काढावा. कॉलेजचा कारभार कोणी पाहावा, हे मात्र केंद्राने सांगितले नाही. ते प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करून ठरवावयाचे होते. त्यामुळे पद्धती नाना झाल्या. कोठे राज्यपालाने नेमलेले मंडळ, कोठे विधिमंडळाने निवडलेले विश्वस्त. इलिनॉयमध्ये तर पुढे दीर्घकाळ विश्वस्त सामान्य मतदारांच्या मतांनी निवडले जात.

आयोवा राज्याने सर्वांआधी, ११ सप्टेंबर १८६२ रोजी, हा कायदा स्वीकारला. कॅन्ससने फेब्रुवारी १८६३ मध्ये ह्या कायद्याखालील पहिले नवे कॉलेज काढले.

जमिनीच्या विक्रीत मात्र सर्व राज्यांनी सारखे शहाणपण दाखविले नाही. ज्या राज्यांत सरकारी जमीन शिल्लक नव्हती त्यांस स्क्रिप, म्हणजे अन्यत्रच्या जमिनीचा हक्क देणारी पत्रे, मिळाली. ती सर्वांनी एकदम बाजारात आणली. एकरी सव्वा डॉलर हा सरकारी भाव असताना ऱ्होड आयलंडने आपले एक लाख वीस हजार एकर पन्नास हजार डॉलरला देऊन टाकले. म्हणजे एकरी बेचाळीस सेंटही पडले नाहीत. उलट न्यूयॉर्कला नऊ लाख नव्वद हजार एकरांची पत्रे मिळाली होती. तेथील एझ्रा कॉर्नेल यांनी त्यांतील बहुतेक स्वतः घेतली, विस्कॉन्सिनमधील पाइनच्या अरण्यांत जमीन निवडून ती राखली, कर भरले, कर्ज सोसले. आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठाला त्यातून पन्नास लाख डॉलरांहून अधिक मिळाले. कायदा एकच, फळ किती निराळे!

मॉरिल यांस स्वतःच्या राज्यातही कमी मनस्ताप झाला नाही. व्हर्मॉंटमध्ये प्रथम स्वतंत्र शेतकी कॉलेजचा घाट घातला गेला, तो वर्गणीअभावी बारगळला. मग १८६५ साली ते जुन्या व्हर्मॉंट विद्यापीठाशी जोडण्यात आले. संयुक्त विश्वस्त मंडळात काही सभासद जुन्या विद्यापीठाचे, काही विधिमंडळाने निवडलेले. मॉरिल हे तेव्हापासून मृत्यूपर्यंत तेहतीस वर्षे विश्वस्त होते. शेतकरी संघटनांची तक्रार अशी की निधी शेतीच्या नावाने घेतात आणि शिकवितात मात्र ग्रीक. १८९० साली दोन्ही संस्था विभक्त करण्याचा प्रयत्न विधिमंडळात झाला. ऐंशी वर्षांच्या मॉरिल यांनी त्यास विरोध केला व तो फसला. शेजारच्या राज्यांत मात्र तसेच घडले. कनेक्टिकटचा निधी १८९३ साली येल विद्यापीठाकडून काढून स्टॉर्स येथील शेतकी कॉलेजला देण्यात आला. शेतकऱ्यांची तक्रार सर्वस्वी खोटी होती असे मला वाटत नाही. शेतीचे विद्यार्थीच आरंभी फार थोडे येत, आणि शिकविण्यासारखे शेतीशास्त्रही तेव्हा फारसे तयार नव्हते. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्यात प्रयोगकेंद्रांना पैसा मिळू लागला, तेव्हा कोठे वर्गात सांगण्याजोगे काही हाती आले.

व्याज अपुरे पडते, हे मॉरिल यांनी फार पूर्वीच ओळखले होते. १८७२ पासून ते वारंवार नवे विधेयक आणीत व ते वारंवार पडे. अखेर ३० ऑगस्ट १८९० रोजी त्यांचा दुसरा कायदा झाला. प्रत्येक राज्याला वर्षाला पंधरा हजार डॉलर, दरसाल एक हजाराने वाढत पंचवीस हजारांपर्यंत. ज्या कॉलेजात प्रवेश देताना वर्णभेद केला जातो त्यास पैसा नाही, असे कलम त्यात होते. परंतु त्यालाच जोडून, काळ्यांसाठी निराळे कॉलेज काढून न्याय्य वाटणी केली तर चालेल, अशी वाटही ठेविली होती. दक्षिणेने ती वाट पकडली. सतरा राज्यांत काळ्या विद्यार्थ्यांसाठी निराळी कॉलेजे झाली. वाटणी न्याय्य राहिली नाही. कित्येक पिढ्या त्यांच्या पदरी राज्यांकडून तुटपुंजे पडत राहिले. तरीही त्या कॉलेजांतून हजारो शिक्षक व शेतीतज्ज्ञ निघाले, हे नमूद केले पाहिजे.

आणखी एक हिशेब आपल्या काळात उघड झाला. ज्या जमिनी वाटल्या त्या पडीक म्हटल्या गेल्या, पण त्या निर्मनुष्य नव्हत्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधात असे दाखविण्यात आले की ह्या कायद्याखाली गेलेली सुमारे एक कोटी सात लाख एकर जमीन जवळजवळ अडीचशे आदिवासी जमातींकडून घेतलेली होती. तिचा मोबदला नाममात्र होता, कोठे कोठे तर मुळीच नव्हता. मॉरिल यांच्या भाषणांत किंवा कलमांत ह्या लोकांना स्थान नाही. १९९४ साली आदिवासींच्या स्वतःच्या कॉलेजांचा ह्या व्यवस्थेत समावेश झाला, तोपर्यंत पहिल्या कायद्याला एकशे बत्तीस वर्षे होऊन गेली होती.

ह्या कायद्याच्या एका फळाची ओळख मराठी घरांना केव्हाच झालेली आहे. गुलामगिरीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, ज्याला एका कॉलेजने रंग पाहून दारातूनच परत पाठविले, तो आयोवाच्या ह्याच शेतकी कॉलेजात शिकला. १८९४ साली पदवीधर व १८९६ साली उच्च पदवीधर झाला. ‘एक होता कार्व्हर’ ह्या पुस्तकामुळे त्याचे नाव आपल्या मुलांच्या तोंडी असते. आपले क्रांतिकारक व कृषितज्ज्ञ पांडुरंग खानखोजे हेही ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांतील अशाच कॉलेजांत शेतीशास्त्र शिकले. 

मॉरिल यांची इतर कामेही थोडी नव्हती. १८६१ चा जकातीचा कायदा त्यांच्या नावाने ओळखला जातो, सिनेटच्या अर्थसमितीचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते, आणि राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भव्य इमारतीसाठी त्यांनी खूप खटपट केली. थोर माणसांनी स्वतःची स्तुती कशी केली, ह्याचे एक गमतीदार संकलनही त्यांनी म्हातारपणी प्रसिद्ध केले. स्वतःविषयी मात्र ते फार थोडे बोलत. त्यांचे एक अपत्य बालपणीच गेले होते. मे १८९८ मध्ये पत्नी रूथ निवर्तल्या, आणि त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी वॉशिंग्टन येथे, सिनेटचे सभासद असतानाच, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांस स्ट्रॅफर्डला आणून गावच्या स्मशानभूमीत ठेविले. गुलाबी रंगाचे ते घर व्हर्मॉंट राज्याने जतन केले आहे, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना त्यांची पुस्तकांची खोली दाखवितात.